गव्हाणीपासून बॉयलरपर्यंत : साखर कारखान्यात आयपी इंटरकॉम बसवताना

साखर कारखान्यात फोन माणसाला करायचा नसतो, जागेला करायचा असतो. गाळप हंगामात चोवीस तास काम चालते, तीन पाळ्या बदलतात. मिलवर रात्री दोन वाजता कोण ड्यूटीवर आहे, हे केन यार्डातल्या माणसाला ठाऊक नसते आणि असायचे कारणही नाही. मिल अडकली की त्याने गव्हाणीत, म्हणजे मिलकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यावर, ऊस टाकणे थांबवायचे. बॉयलरला कळायला हवे की ताजा बगॅस, म्हणजे जळणाचा उसाचा चोथा, येणार नाही, आता साठ्यातला ओढायचा. रस आटवून साखर पाडणाऱ्या पॅन स्टेशनला कळायला हवे की रस कमी होणार. हे सगळे फोन पहिल्या दोन-तीन मिनिटांत झाले पाहिजेत. म्हणून संचालक मंडळाच्या बैठकीत ‘आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, इंटरकॉमवर खर्च कशाला?’ असे कुणीतरी विचारले, तेव्हा मी एवढेच म्हणालो की पाळी संपल्यावर मोबाईल माणसाबरोबर घरी जातो, मिलचा फोन मिलवर राहतो. शिवाय मिल हाउसमधल्या आवाजात खिशातला मोबाईल वाजलेला कळतही नाही.

मी सहकारी साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागात आहे. टेलिफोन, घड्याळे, भोंगा, सीसीटीव्ही अशा ज्या गोष्टींना स्वतंत्र खाते नसते, त्या सगळ्या आमच्याकडेच येतात. आमचे जुने ईपीएबीएक्स, म्हणजे कारखान्याचे स्वतःचे टेलिफोन एक्स्चेंज, टाइम ऑफिसशेजारच्या खोलीत होते. तिथून जेली भरलेल्या तांब्याच्या केबली चरांमधून निघून क्रोन बॉक्स नावाच्या जोडणीच्या पेट्यांमध्ये फुटायच्या, आणि शंभरच्या आसपास साधे फोन त्यांवर चालायचे. या व्यवस्थेने पुष्कळ वर्षे इमानाने काम केले. पण वळवाच्या पावसात वीज पडली की जमिनीतल्या त्या तांब्यातून दणका थेट एक्स्चेंजपर्यंत यायचा. दर मे महिन्यात एखाद-दुसरे कार्ड जळायचेच. ती कार्डे बनवणे कंपनीने बंद केले होते. जुन्या बाजारातून आणलेले कार्ड किती टिकेल, याचा भरवसा कुणालाच नव्हता. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री तीन कार्डे गेली आणि केन यार्ड, वजनकाटा, गोडाऊन एकदम मुके झाले. नवी यंत्रणा घ्यायचीच, हे त्यानंतर ठरले.

कोटेशने मागवली. त्यांतली दोन क्लाउडवरची होती: एक्स्चेंज आपल्याकडे नाहीच, ते कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये, आपण फक्त आयपी फोन लावायचे आणि दर फोनमागे महिन्याचे भाडे भरायचे. कागदावर हे स्वस्त आणि सुटसुटीत दिसत होते. शहरातल्या ऑफिसला, ज्याचे बहुतेक बोलणे बाहेरच्यांशी असते, त्याला ते शोभेलही. आमचे दहातले नऊ फोन आवारातल्या आवारातच होतात. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडली, तर तीनशे मीटरवरच्या मिलशी केन यार्डाला बोलता येऊ नये, हे मला मान्य होण्यासारखे नव्हते. मी लेखी टिपण दिले की सर्व्हर, म्हणजे एक्स्चेंजचे काम करणारा संगणक, कारखान्यातच हवा. कार्यकारी संचालकांनी ते मान्य केले, याबद्दल मला आजही त्यांचा आदर वाटतो, कारण स्वस्त कोटेशन बाजूला ठेवायचे म्हणजे त्यांना वार्षिक सभेत उत्तर द्यावे लागते.

इथे एक समज दूर करावा लागला. ‘इंटरनेटवरचा फोन’ म्हटले की लोकांना वाटते, इंटरनेट बंद तर फोन बंद. इंटरनेट ज्या पद्धतीने माहितीची पाकिटे पाठवते, तीच पद्धत हे फोन वापरतात, एवढाच त्याचा अर्थ. ती पाकिटे कारखान्याच्या कुंपणाबाहेर गेलीच पाहिजेत, असे काही नाही. फोन सुरू झाला की तो सर्व्हरकडे आपली नोंद करतो: मी वजनकाटा, मी या पत्त्यावर आहे. मिलवाल्याने काट्याचा नंबर फिरवला की सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो आणि मग आवाजाची पाकिटे धावू लागतात. ही गाठ घालण्याचे जे नियम आहेत त्यांना एसआयपी म्हणतात. आज वापरात असलेले त्याचे प्रमाण जून २००२ मधले आहे आणि ते सर्वांना खुले आहे. माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा हाच होता. जुन्या एक्स्चेंजला त्याच कंपनीचे कार्ड लागायचे. इथे उद्या एका कंपनीने फोन बनवणे थांबवले, तर दुसऱ्या कंपनीचा फोन त्याच तारेवर लावता येतो.

सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर आम्ही ॲस्टेरिस्कवर आधारलेले घेतले. त्याचा जन्म मला फार आवडतो. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर हा अमेरिकेतला विद्यार्थी स्वतःची छोटी कंपनी चालवत होता. ऑफिसचे एक्स्चेंज विकत घेणे परवडेना, म्हणून त्याने साध्या संगणकावर चालणारे एक्स्चेंज स्वतःच लिहिले आणि ते सगळ्यांसाठी खुले केले. आमच्यासारख्या, दर वर्षी एफआरपीची, म्हणजे उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान दराची, रक्कम जुळवताना दमछाक होणाऱ्या सहकारी संस्थेला परवान्यापोटी पैसे न मोजता शंभर फोनांचे एक्स्चेंज मिळते, ते या कामामुळे.

नेटवर्कला हा भार झेपेल का, असेही विचारले गेले. साध्या दर्जाच्या आवाजाला, म्हणजे जी.७११ या पद्धतीत, सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. पाकिटांवरचे पत्ते धरून एका दिशेला साधारण ८७ किलोबिट होतात. शंभर फोन एकाच वेळी बोलू लागले तरी आजच्या स्विचला, म्हणजे नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीला, त्याचे ओझे नाही. त्रास होतो तो पाकिटे उशिरा किंवा मागेपुढे पोहोचल्यामुळे. आमच्याकडे काट्यावरचे आणि यार्डातले कॅमेरे त्याच फायबरवर येणार होते, आणि कॅमेऱ्याचे चित्र सतत वाहत असते. म्हणून आवाजासाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवर आखलेली वेगळी वाट, केला आणि स्विचना सांगून ठेवले की आवाजाचे पाकीट आले की त्याला आधी सोडायचे.

केबल टाकण्याचे काम बिगर हंगामातच उरकावे लागते. एकदा ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या यार्डात उभ्या राहू लागल्या की तिथे चर खणायला कुणी देत नाही. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच चालते आणि आमचे दोन विभाग बहुधा त्याहून लांब आहेत. त्यामुळे इमारत ते इमारत चिलखती फायबर आणि इमारतीच्या आत कॅट सिक्स, असे ठरले. मला फायबरचे खरे मोल अंतराहून विजेच्या बाबतीत वाटते. काचेतून आकाशातली वीज वाहत नाही. शिवाय प्रत्येक इमारतीचे अर्थिंग वेगळे असते, आणि दोन अर्थिंगमधल्या व्होल्टेजच्या फरकाने लांब तांब्याच्या दोन्ही टोकांची उपकरणे मरतात. फायबरमुळे ती भानगड संपते. फक्त चिलखताचे लोखंड एकाच टोकाला अर्थ करायचे, हे आमच्या वायरमनांनी प्रत्येक पेटीवर पाटी लावून पक्के केले. कामगार वसाहतीतली जुनी केबल मात्र चांगली होती. तिथे एफएक्सएस गेटवे नावाची छोटी पेटी बसवली. एका बाजूला नेटवर्क, दुसऱ्या बाजूला जुने साधे फोन. वसाहतीतल्या घरांत नवे फोन घ्यावे लागले नाहीत.

आता विजेचे. सगळ्या प्रकल्पात मी सर्वात जास्त भांडलो ते याच्यासाठी.

जुन्या साध्या फोनला घरात वीज लागत नव्हती. एक्स्चेंजशेजारच्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून तारेनेच त्याला वीज मिळायची. कारखाना अंधारात गेला तरी फोन चालू असायचा. आयपी फोन म्हणजे छोटा संगणकच; त्याला वीज हवी. ती नेटवर्क केबलमधूनच देता येते. त्याचे पहिले प्रमाण २००३ मधले, आणि त्यात स्विचच्या एका तोंडातून १५.४ वॅटपर्यंत देता येतात. साध्या फोनला त्याहून बरीच कमी पुरते. पण मग त्या स्विचला वीज कुठून? हंगामात आम्ही आमच्याच टर्बाइनवर चालतो. टर्बाइन ट्रिप झाले की मिल, पंप, दिवे सगळे बसते, आणि नेमक्या त्याच मिनिटाला बॉयलर, पॉवर हाउस आणि मिल यांना एकमेकांशी बोलावे लागते. त्या क्षणी जो फोन मरतो तो आमच्या उपयोगाचा नाही. कोटेशनांत एकच यूपीएस होता, तोही सर्व्हरच्या खोलीत. प्रत्येक विभागाच्या स्विचला स्वतंत्र यूपीएस आणि पॉवर हाउसच्या स्विचला तिथल्याच स्टेशन बॅटरीवरून पुरवठा, असे मी टेंडरमध्ये लिहून घेतले. खर्च वाढला. खरेदी समितीत बराच वाद झाला. शेवटी चीफ इंजिनिअर म्हणाले, ‘ब्लॅकआउटमध्ये टॉर्च घेऊन पोरगा पळवायचा असेल तर यूपीएस काढून टाका.’ त्यावर कुणी बोलले नाही.

काम पुरे झाल्यावर, ठेकेदाराचे बिल निघण्याआधी, आम्ही मुख्य ब्रेकर उघडून सगळ्या कारखान्याचा पुरवठा मुद्दाम बंद केला. प्रत्येक विभागात एक वायरमन उभा. ऑपरेटर ताई एका कागदावर क्रमाने सगळ्या जागांना फोन लावत होत्या. दोन जागा मुक्या निघाल्या. एका ठिकाणी ठेकेदाराच्या माणसांनी फायबर आणि तांबे यांना जोडणारी मीडिया कन्व्हर्टर नावाची पेटी भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये खोचली होती. स्विच यूपीएसवर होता, पण त्याला येणारी वाटच बंद. दुसरीकडे यूपीएसची बॅटरी जोडलेलीच नव्हती. ही चाचणी केली नसती, तर दोन्ही गोष्टी ऐन हंगामात कळल्या असत्या. कुठल्याही धंद्यात असे फोन घेणाऱ्याला मी हेच सांगेन: पैसे देण्याआधी मेन स्विच पाडा आणि कोण बोलतो ते ऐका.

विभागागणिक फोनही वेगळे लागले. ऑफिसात साधे टेबलावरचे फोन चालतात. मिल हाउसमध्ये दोन माणसांना शेजारी उभे राहूनही ओरडून बोलावे लागते. तिथे फोनबरोबर फिरता लाल दिवा आणि आयपी हॉर्न बसवला. रिंग आली की दिवा आधी दिसतो. बगॅसची बारीक धूळ पंख्यातून आत शिरून यंत्र गुदमरवते, म्हणून तिथले स्विच बिनपंख्याचे आणि बंद पेटीत ठेवले. पॅन स्टेशनला वाफ. कामगारांनी टच स्क्रीनचे नमुने हातात घेऊन पाहिले आणि परत दिले. हातात मोजे, बोटांना ग्रीस आणि पाक. मोठ्या बटणांचा, जड रिसीव्हरचा फोन हवा असे त्यांनी सांगितले, आणि तेच बरोबर होते. डिस्टिलरीचा प्रश्न वेगळाच. स्पिरिटची वाफ असू शकते अशा जागी साधे विजेचे उपकरण ठेवताच येत नाही. मंजुरी असलेले फ्लेमप्रूफच, म्हणजे आतली ठिणगी बाहेर न जाऊ देणारे, लागते, आणि ही मंजुरी देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपूरला आहे. त्या फोनची किंमत साध्या फोनच्या कित्येक पट. आम्ही धोक्याच्या हद्दीत एकच तसा फोन घेतला आणि बाकीचे हद्दीबाहेर कंट्रोल रूममध्ये ठेवले.

नंबरांच्या बाबतीत पुरवठादार कंपनीच्या अभियंत्याला चार अंकी, १००१ पासून सुरू होणारे नंबर हवे होते. त्याला ते टापटीप वाटत होते. पण मिलचा नंबर, काट्याचा नंबर, बॉयलरचा नंबर लोकांच्या बोटांत बसलेले. संकटात माणूस यादी शोधत नाही. जुने तीन अंकी नंबरच ठेवायचे, यावर मी आणि ऑपरेटर ताई दोघेही अडून बसलो.

त्यात एक अडचण मात्र खरी होती. अध्यक्षांच्या केबिनचा जुना नंबर होता १०१, आणि १०१ म्हणजे अग्निशमन. जुन्या एक्स्चेंजमध्ये बाहेरच्या फोनसाठी आधी शून्य दाबावे लागायचे, म्हणून दोन्ही नांदत होते. बगॅसच्या ढिगाला आग लागली तर घाबरलेला माणूस थेट १०१ दाबणार, त्याला शून्य आठवणार नाही. बगॅसची आग ही कारखान्यातली सर्वात ओळखीची आणि सर्वात दांडगी आग असते. वाऱ्यावर ती पाहता पाहता पसरते. नव्या व्यवस्थेत १०१, १०८ आणि ११२ कुठल्याही फोनवरून, शून्याशिवाय, थेट लागले पाहिजेत आणि त्याच वेळी आमच्या फायर पंप हाउसचा आणि सुरक्षा गेटचा फोन वाजला पाहिजे, असे मी मांडले. म्हणजे अध्यक्षांचा नंबर बदलायला हवा. हे सांगायला कार्यालयातले सगळे बिचकत होते. मी स्वतः जाऊन सांगितले. ते लगेच म्हणाले, ‘नंबरात काय आहे, उद्याच बदला.’ आता ते २०१ वर आहेत.

दुसरी भर मोबाईल नंबरांची. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावावे लागते. बाहेरच्या लाइनसाठी एक शून्य आणि मोबाईलसाठी दुसरे, असे दोन शून्य लोक विसरायचे आणि ‘फोन लागत नाही’ म्हणून आमच्याकडे यायचे. सर्व्हरमध्ये एक ओळ घातली: सहा ते नऊपैकी आकड्याने सुरू होणारा दहा अंकी नंबर आला की त्याच्याआधीचे शून्य सर्व्हरनेच लावायचे. एवढ्याशा ओळीने शेतकी खात्याचा रोजचा वैताग गेला.

बाहेरच्या लाइनचा विषय मात्र नाजूक होता. आमचा लँडलाइन नंबर हजारो सभासदांच्या उसाच्या पावत्यांवर, डायऱ्यांत, घराच्या भिंतींवर लिहिलेला आहे. कंपनी बदलून नंबर तोच ठेवण्याची सोय आपल्याकडे २०११ पासून देशभर आहे, पण ती मोबाईलसाठी, लँडलाइनला नाही. म्हणून कंपनी तीच ठेवली आणि तांब्यावरची लाइन त्याच नंबरासह फायबरवर घेतली. जास्तीचे बोलणे पेलायला दुसऱ्या परवानाधारक कंपनीची एसआयपी ट्रंक, म्हणजे याच पद्धतीची बाहेरची लाइन, घेतली. एका विक्रेत्याने मोबाईलची सिमकार्डे भरलेली पेटी सुचवली होती: फोन इंटरनेटवरून आणायचा आणि लोकल सिमवरून बाहेर काढायचा. हा सिमबॉक्सचा प्रकार बेकायदा आहे. त्याला तिथल्या तिथे निरोप दिला.

तालुक्यांतली गट कार्यालये व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या बंदिस्त खासगी वाटेने, जोडली. तिथे पहिल्यांदा एकतर्फी आवाज आला: आमचे त्यांना ऐकू जाई, त्यांचे आम्हाला नाही. राउटरमधली एसआयपी एएलजी नावाची सोय पाकिटांवरचे पत्ते बदलून ठेवते; ती बंद केल्यावर दोन्ही बाजू बोलू लागल्या. सर्व्हरचे दार मात्र इंटरनेटला उघडे ठेवले नाही. फायरवॉलच्या नोंदी पाहिल्या तर एसआयपीच्या ५०६० या पोर्टवर जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून रात्रंदिवस कुणीतरी कडी वाजवून पाहत असते. एखाद्या फोनचा पासवर्ड त्याच्या नंबराइतकाच सोपा ठेवला, तर रात्रीतून परदेशातल्या महागड्या नंबरांना शेकडो फोन होतात आणि बिल संस्थेच्या माथी बसते. आंतरराष्ट्रीय फोन आम्ही मुळातूनच बंद ठेवले आहेत.

काही संचालकांना ‘शेतकी खात्यासाठी एक दाबा, हिशेबासाठी दोन दाबा’ असे हवे होते. ऑपरेटर ताईंनी ठाम विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. फोन करणारा शेतकरी बहुधा बांधावर उभा असतो; त्याला विचारायचे असते की तोड कधी मिळणार, टोळी का आली नाही, बिल जमा झाले का. यातले पहिले दोन प्रश्न शेतकी खात्याचे वाटतात, पण गटागणिक माणूस वेगळा. ताई आवाजावरून आणि गावावरून ओळखून योग्य चिटबॉयपर्यंत, म्हणजे त्या गटातल्या शेतकी कर्मचाऱ्यापर्यंत, फोन पोहोचवतात. दिवसा फोन ताईंकडेच येतो. फरक एवढाच की आता त्यांच्यापुढच्या पडद्यावर किती फोन रांगेत आहेत, कोणते सुटले, हे दिसते, आणि सुटलेल्यांना त्या स्वतः परत लावतात. जुन्या यंत्रणेत सुटलेला फोन कायमचा सुटायचा. रात्री मात्र ध्वनिमुद्रित मेनू लागतो. तो आवाजही ताईंचाच आहे, कारण सभासद तो ओळखतात.

अग्निप्रदीपन झाले, मोळी पडली, गाळप सुरू झाले. हंगामाच्या सुरुवातीलाच एका रात्री मिलमध्ये उसाबरोबर लोखंडाचा तुकडा आला आणि मिल जागच्या जागी थांबली. मिलवरच्या मेस्त्रीने लाल बटण दाबले. हे बटण यार्ड, गव्हाण, बॉयलर, पॅन आणि पॉवर हाउस यांच्या हॉर्नवर एकदमच आवाज सोडते. सर्व्हर एकच आवाज सगळीकडे पसरवतो, एकेकाला फोन लावायची गरज उरत नाही. ‘मिल बंद, गव्हाण थांबवा’ हे शब्द यार्डात तेव्हाच पोहोचले. पाळीच्या रजिस्टरमध्ये त्या रात्री बॉयलरने लगेच साठ्याचा बगॅस घेतल्याची नोंद आहे.

आता पुढच्या बिगर हंगामात दोन कामे आहेत. यूपीएसच्या बॅटऱ्या एका पाळीत एक विभाग अशा तपासायचे वेळापत्रक वायरमनांनी सुरू केले आहे, ते लेखी नियमात आणायचे. आणि डिस्टिलरीत दुसऱ्या मजल्यावर अजून एक फ्लेमप्रूफ फोन हवा, अशी तिथल्या कामगारांची मागणी आहे. अंदाजपत्रकात तो मी पहिल्या क्रमांकावर धरला आहे.